जिंकलं तरी पंचाईत

ग्लासगोत क्लाइड नदीपासून जवळच वॉशिंग्टन स्ट्रीट आहे. पाइप बँडवाल्यांच्या दुनियेत या पत्त्याला मान आहे, कारण ‘रॉयल स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन’ इथून आपला कारभार चालवत आली. उन्हाळी स्पर्धांचा हंगाम आटोपला, की ही संस्था वर्षभराचे निकाल पुढ्यात घेते आणि श्रेण्यांची फेरमांडणी करते. अमुक बँड तिसरीतून दुसरीत गेला, तमुक दुसरीतून तिसरीत घसरला. वर गेलेल्यांच्या तालमीच्या खोलीत त्या संध्याकाळी बाटल्या उघडतात, फोटो निघतात. बँडचा प्रमुख, म्हणजे पाइप मेजर, मात्र हसता हसता मनात माणसं मोजत असतो. पुढच्या मे महिन्यात यांतले किती उरतील?

हरणाऱ्या बँडमधून माणसं निघून जातात, हे कुणालाही समजेल. मधल्या फळीच्या पाइप बँडचं दुखणं असं, की तिथे जिंकल्यावरही माणसं जातात. चहूकडून गळती, आणि ती बुजवायला हाताशी असतात त्या आठवड्यातल्या दोन तालमी आणि चॅन्टर, म्हणजे बॅगपाइपची सूर वाजवायची नळी, शिकायला आलेली चार पोरं.

श्रेण्या चार. पहिली सगळ्यांत वरची, चौथी सगळ्यांत खालची. तिसरी आणि चौथी यांचे पुन्हा ए आणि बी असे दोन भाग, शिवाय शाळकरी मुलांचे ज्युवेनाइल आणि नॉव्हिस ज्युवेनाइल हे वेगळे गट. मधली फळी म्हणजे ढोबळमानानं दुसरी आणि तिसरी श्रेणी. वर्षातून पाच मोठ्या स्पर्धा असतात: ब्रिटिश, युनायटेड किंगडम, युरोपियन, स्कॉटिश आणि या सगळ्यांचा मुकुटमणी असलेली जागतिक स्पर्धा. जागतिक अजिंक्यपद या संस्थेच्या देखरेखीखाली १९४७ साली सुरू झालं. १९८६पासून ती स्पर्धा ग्लासगोतच होते, ऑगस्टमध्ये, ग्लासगो ग्रीन या विस्तीर्ण मैदानावर. दोनशेच्या आसपास बँड येतात. कॅनडातून येतात, न्यूझीलंडमधून येतात, ब्रिटनीतून येतात. कॅमेरे आणि प्रेक्षकांच्या आसनांची गर्दी पहिल्या श्रेणीच्या रिंगणाभोवती असते. बाजूच्या रिंगणांत मधली फळी वाजवत असते. तिचे श्रोते म्हणजे बहुधा वाजवणाऱ्यांचे आईबाप, नवरे, बायका, मैत्रिणी आणि आपलं वाजवून मोकळे झालेले प्रतिस्पर्धी.

एका माणसाच्या जाण्यानं इतकं बिघडतं तरी काय? इथे थोडं वाद्यात शिरावं लागेल.

बॅगपाइपला हळू आणि जोरात असा भेद करता येत नाही. पिशवीतून हवा अखंड वाहते, त्यामुळे सूर मध्येच थांबवताही येत नाही. चॅन्टरवर स्वर नऊच. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा, तर मध्ये निमिषभराचा दुसरा स्वर टाकून तो तोडावा लागतो. आपल्याकडच्या कणस्वरासारखीच ही गोष्ट, पण इथे ती सौंदर्यासाठी जितकी तितकीच गरजेपोटी आलेली. या कणांची, त्यांच्या जोड्यांची आणि गुंफणींची पाठ केलेली भाषा म्हणजे पायपरची तालीम. आता पंधरा पायपर गोल करून उभे आहेत आणि सगळे एकच चाल वाजवताहेत. पंधरा जणांचा प्रत्येक कण एकाच क्षणी पडला पाहिजे. एकाचा बोटभर उशीर झाला, तर परीक्षकाला तो लगेच कळतो. सगळ्यांचे चॅन्टर शक्यतो एकाच घडणीचे, आतल्या बोरूच्या रीड्स एकाच ताकदीच्या. पाइप मेजर प्रत्येकाच्या चॅन्टरच्या छिद्रावर चिकटपट्टी वर-खाली सरकवत सूर जुळवत फिरतो. एरवीचा वाद्यवृंद ४४० हर्ट्‌झच्या ‘ए’ला सूर लावतो. आजच्या स्पर्धेतल्या पाइप्सचा ‘ए’ ४८०च्या आसपास किंवा वर असतो. इतक्या चढ्या सुरात पंधरा वाद्यं पाच-सहा मिनिटं एकजीव ठेवायची, तेही पावसाळी हवेत. सुरुवातीचा एकसंध उठाव आणि शेवटची एकसाथ तोड यांतच निम्मं यश आहे, असं या लोकांचं मत.

पुण्यातल्या ढोल-ताशा पथकात शंभर ढोलांपैकी पाच आले नाहीत, तर मिरवणूक अडत नाही. बारा पायपरच्या बँडमधून तिघं गेले, तर उरलेल्या नऊ जणांचा तोच आवाज थोडा लहान झाला असं होत नाही. तो आवाज वेगळाच होतो. गेलेल्यांच्या जागी तिघं मिळाले, तरी त्यांची बोटं वेगळ्या गुरूच्या हाताखाली वळलेली असतात. तीच चाल ते वेगळ्या कणांनी वाजवत आलेले असतात. ते धुऊन काढून नवं बसवायला एक अख्खा हिवाळा जातो. सगळं पाठ असावं लागतं, समोर नोटेशन ठेवायची रीत नाही. आणि अगदी कोरा शिकाऊ घेतला, तर आधी वर्षभर तरी नुसत्या सरावाच्या चॅन्टरवर, मग पिशवी, मग मार्च, मग कधीतरी वर्तुळात जागा.

ड्रमवाल्यांचं गणित तर याहून नाजूक. पाइप्सच्या चाली बऱ्याचशा परंपरेनं आलेल्या असतात, पण त्यांवरचे स्नेअरचे बोल प्रत्येक बँडचा मुख्य ड्रमर स्वतः रचतो. तो रुसला आणि गेला, तर बोल त्याच्याबरोबर जातात. बहुतेक वेळा त्याच्या हाताखाली तयार झालेली चार-पाच जणांची तुकडीही त्याच्यामागे जाते. नवा ड्रमर आला की तो जुन्या बोलांना हात लावत नाही, स्वतःचे लिहितो. उरलेल्यांनी सगळं पहिल्यापासून पाठ करायचं. पायपर एकेक करून सुटतात, ड्रमर बहुधा घाऊक सुटतात. चार परीक्षकांपैकी दोन पाइप्सचे, एक ड्रमचा आणि एक एकूण मेळाचा. म्हणजे ड्रमची तुकडी गेली, की एका परीक्षकाचा निकाल तर गेलाच आणि मेळाचाही अर्धामुर्धा गेला.

जाणारे जातात कुठे? एक वाट अर्थातच वर. मधल्या बँडमध्ये चार-पाच वर्षं घासूनपुसून एखादी मुलगी तयार होते. एकल स्पर्धांत बक्षिसं मिळवू लागते. मग पहिल्या श्रेणीच्या बँडकडून निरोप येतो, ये एकदा तालमीला. स्कॉटलंड लहान देश आहे. ग्लासगो आणि एडिंबरा यांच्यामधल्या पट्ट्यात राहणाऱ्या पायपरला तासाभराच्या अंतरात पहिल्या श्रेणीचे कितीतरी बँड सापडतात. उत्तर आयर्लंडमध्ये ‘फील्ड मार्शल माँटगोमेरी’सारखा, तेरा वेळा जगज्जेता ठरलेला बँड असाच हाकेच्या अंतरावर. एका माणसाची नोंद एका वेळी एकाच बँडकडे, त्यामुळे दोन्हीकडे पाय ठेवण्याची सोय नाही. ती मुलगी जाते, आणि तिचं चुकलं असं म्हणवत नाही. ज्या आवाजासाठी तिनं लहानपणापासून बोटं झिजवली, तो आवाज तिला एकदा तरी आतून ऐकायचा असतो.

मला खटकतं ते वरच्यांचं वाढतं पोट. साठ-सत्तरच्या दशकांतली छायाचित्रं पाहा. जगज्जेत्या बँडमध्येही दहा-बारा, फार तर चौदा पायपर दिसतात. आज पहिल्या श्रेणीच्या वर्तुळात वीस-बावीस पायपर असणं नेहमीचं झालं आहे, त्याहून मोठेही बँड आहेत. स्नेअर ड्रम चार-पाचांवरून आठ-दहांवर गेले. समजा, डझनभर बँडांनी प्रत्येकी दहा पायपर वाढवले, तर ते एकशेवीस होतात. एकशेवीस पायपर म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे आठ-दहा बँड! आवाज भव्य होतो, यात शंका नाही. पण त्या बाविसांखेरीज आणखी चार-पाच जण स्पर्धेच्या दिवशी वर्तुळाबाहेर उभे राहतात, कोट घालून, पाइप्स काखेत धरून, कुणी आजारी पडलंच तर म्हणून. आपल्या जुन्या बँडमध्ये हेच लोक कणा झाले असते.

दुसरी वाट बाजूला फुटते आणि तिच्यावर सगळ्यांत जास्त गर्दी असते. वय वर्षं अठरा. शाळा संपते, विद्यापीठ दुसऱ्या गावी, हातात पैसे नाहीत, शनिवारी कॅफेत काम. काही जण उत्तर समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर जातात, तिथे आठवडेच्या आठवडे घरापासून दूर. कुणी परिचारिका होते, तिच्या पाळ्या तालमीच्या वारांशी जुळत नाहीत. मग तिशीत मुलं होतात. मे ते ऑगस्टचे शनिवार म्हणजे स्कॉटलंडमध्ये ऊन दिसण्याचे जे काही थोडे दिवस असतात ते, आणि बँडवाला ते सगळे बँडला देऊन बसलेला असतो.

तिसऱ्या श्रेणीच्या बँडचा असा एक शनिवार कसा जातो? पहाटे बस. गणवेश लोकरीचा: किल्ट, जाड मोजे, वर वेस्टकोट. पोचल्यावर मैदानाच्या कडेला सूर जुळवणं सुरू होतं. ते चांगलं तास-दोन तास चालतं. मग रांग लावून आत, वर्तुळ आणि जेमतेम पाच-सहा मिनिटांचं वादन. एवढ्यासाठी आठ महिने घातले होते. यानंतर घरी जाता येत नाही. निकाल संध्याकाळी, सगळ्या बँडांच्या एकत्रित संचलनानंतर लागतात. पाऊस आला तर लोकर भिजते, जड होते आणि तिला एक वास येऊ लागतो. तो वास ज्याला आवडतो तोच या छंदात टिकतो, असं मला वाटू लागलं आहे. अखेर ध्वनिवर्धकावरून नावं येतात. पहिले काही क्रमांक वाचले जातात. आपलं नाव आलं नाही, की मुकाट्यानं बसकडे चालू लागायचं.

असे तीन-चार शनिवार गेले, की कुजबुज सुरू होते. रीड्स चुकीच्या निवडल्या. चाली जुन्याच घेतल्या. पाइप मेजर आपल्या मुलाला पुढे करतो. कुठल्याही हौशी संघात होतं तेच हे, मात्र इथे वर्तुळात सगळ्यांची तोंडं एकमेकांकडे असतात. ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत दोन खुर्च्या रिकाम्या दिसतात.

हे हरण्याचं झालं. आता जिंकण्याचं बघा. तिसऱ्या श्रेणीतला बँड वर्षभर पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि दुसरीत चढला. दुसऱ्या श्रेणीत मार्च-स्ट्रॅथस्पे-रील हा तीन प्रकारच्या चालींचा एक संच आणि मेडली, म्हणजे बँडनं निवडलेल्या चालींची माळ, हा दुसरा, असे दोन्ही तयार लागतात. संगीत अवघड, लय कडक. बँडमध्ये तीन-चार जण असे असतात, की जे वर्षानुवर्षं निष्ठेनं येतात, बसचं भाडं गोळा करतात, चहा करतात आणि बोटांनी मात्र तिसऱ्या श्रेणीचेच असतात. आता त्यांना सांगावं लागतं, या वर्षी तुम्ही वर्तुळात नाही. त्यांतले काही समजून घेतात, काही तालमीला येणं सोडतात. याच सुमारास वरच्या टोकाला दुसरंच घडतं. विजेत्या बँडच्या दोन उत्तम पायपरांवर सगळ्यांची नजर गेलेली असते आणि त्यांना बोलावणं येतं. खालचे गळले, वरचे उडाले. उरलेला मधला बँड नव्या श्रेणीत तळाशी जाऊन बसतो, आणि वर सांगितलेली हरणाऱ्यांची कथा पुन्हा पहिल्यापासून चालू. काही बँड दोन वर्षांनी स्वतःच अर्ज करतात, आम्हाला खाली घ्या. लाज वाटते, पण माणसं वाचतात. वर जावं लागू नये म्हणून मुद्दाम हात राखून वाजवणाऱ्यांबद्दलच्या कुजबुजीही या मैदानांवर नव्या नाहीत. त्यांत किती तथ्य ते देव जाणे, पण मोह का होत असेल ते मला कळतं.

*

पूर्वी माणसं टिकत, त्यात संगीतप्रेमाचा वाटा होताच, पण पगाराचाही होता. या चळवळीचा पाया कोळसा, पोलाद आणि पोलीस यांनी घातला. गावात खाण, खाणीचा बँड आणि खाणीच्या रस्त्यावरच तालमीची खोली. ज्याची पाळी खाणीत त्याचं वादन बँडमध्ये. गाव सोडण्याचा प्रश्न नव्हता. व्हिटबर्नजवळच्या पोल्कमेट खाणीचा बँड एके काळी वरच्या श्रेणीत गाजला. १९८४-८५च्या खाणकामगारांच्या संपात खाणीत पाणी भरलं आणि ती पुन्हा उघडलीच नाही. ग्रेंजमाउथच्या ‘म्युरहेड अँड सन्स’ या लाकूड व्यापाऱ्यांच्या बँडनं १९६१ ते १९६५ अशी सलग पाच वर्षं जगज्जेतेपद राखलं. आज तो बँड नाही. ग्लासगो पोलिसांच्या बँडचं मूळ १८८३ साली गोव्हन या तेव्हा स्वतंत्र असलेल्या नगराच्या पोलिसांत होतं. वीस जागतिक विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, त्यांपैकी सहा सलग, १९८१ ते १९८६, स्ट्रॅथक्लाइड पोलीस या नावानं, पाइप मेजर इयन मॅक्लेलन यांच्या हाताखाली. पोलिसात नोकरी आणि हाती पाइप्स! आजच्या कुठल्या मधल्या बँडला हे भाग्य मिळणार?

सैन्याचंही तसंच. २००६ साली जुन्या स्कॉटिश पलटणी एकत्र करून ‘रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड’ उभी राहिली. पलटण कमी म्हणजे पलटणीचे पायपर कमी, आणि सैन्यातून निवृत्त होऊन गावात शिकवायला येणारे जुनेजाणते कमी. भारतीय सैन्यानं मात्र इंग्रजांची ही परंपरा जपली. २९ जानेवारीला विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये पाइप्स आणि ड्रम्स दरवर्षी दिसतात, आणि प्रजासत्ताक दिनानिमित्तच्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांच्या आणि मुलींच्या पाइप बँडांचे स्वतंत्र गट असतात. पण पलटणीच्या पायपरला उद्या तालमीला येणार का, असं कुणी विचारत नाही. त्याला हुकूम असतो.

खाण गेली म्हणून मुलंच राहिली नाहीत, असं मात्र नाही. ‘बॉईज ब्रिगेड’ या मुलांच्या संघटनेनं एके काळी हजारो पोरांच्या हाती चॅन्टर दिला, ते प्रमाण घटलं. पण २०१३ साली स्थापन झालेल्या ‘स्कॉटिश स्कूल्स पाइप्स अँड ड्रम्स ट्रस्ट’मुळे सरकारी शाळांतून शिकवणी वाढली. २०२१पासून स्कॉटलंडमधल्या सरकारी शाळांत वाद्यसंगीताच्या शिक्षणाची फी रद्द झाली. डॉलर अकॅडमीसारख्या श्रीमंत खासगी शाळेचा बँड ज्युवेनाइल गटात वर्षानुवर्षं दबदबा राखून आहे. त्याला टक्कर देणाऱ्या सरकारी शाळाही आहेत, ओबन हायस्कूल त्यांतली एक. ग्लासगोच्या ‘नॅशनल पायपिंग सेंटर’मध्ये १९९६पासून शिक्षण चालतं, पायपिंगमध्ये पदवी घेता येते. उगम कोरडा पडलेला नाही आणि समुद्रही भरलेला आहे. गळती आहे ती मधल्या कालव्याला. शाळेच्या बँडमधून अठराव्या वर्षी बाहेर पडलेला मुलगा गावच्या तिसऱ्या श्रेणीच्या बँडच्या दारापर्यंत पोचतच नाही. एक तर तो थेट पहिल्या श्रेणीचं दार ठोठावतो, नाहीतर पाइप्स पेटीत ठेवून देतो.

त्या पेटीचाही खर्च असतो. चांगल्या पाइप्स आफ्रिकन ब्लॅकवूडच्या. हे लाकूड टांझानिया आणि मोझांबिकमधून येतं, झाड वाढायला दशकं लागतात. नवा संच हजार पौंडांच्या पुढेच. त्यावर किल्ट, रीड्स, प्रवास. स्वस्त पर्याय आपल्या भागातून जातो. पाकिस्तानातलं सियालकोट आणि भारतातलं मेरठ इथे शिसवीच्या लाकडाच्या पाइप्स मोठ्या संख्येनं बनतात आणि त्या इंटरनेटवर मोहक किमतीत मिळतात. त्यांतल्या बऱ्याचशा भिंतीवर टांगायलाच बऱ्या. पिशवी हवा धरत नाही, चॅन्टर सुरात येत नाही. शिकणारा तीन महिने गाल फुगवून दमतो, दोष स्वतःला देतो आणि सोडून देतो. म्हणून शहाणा मधला बँड आपल्याकडे दोन-चार जुने पण चांगले संच राखून ठेवतो आणि शिकाऊंना उसने देतो. हे छोटं काम, पण माणसं टिकवण्याच्या कामी जागतिक दर्जाच्या शिक्षकाइतकं उपयोगी पडतं.

*

ज्यांना जमलं त्यांनी काय केलं? आर्गाइलमध्ये लॉख फाइनच्या काठी इनव्हरेरी हे इवलंसं गाव आहे. तिथे २००३ साली स्टुअर्ट लिडेल या नामांकित पायपरनं स्थानिक पोरांना घेऊन बँड उभा केला. २००५पासून तो शाळकरी गटात उतरला, एकेक पायरी चढत २००९पर्यंत पहिल्या श्रेणीत गेला आणि २०१७, २०१९ आणि २०२४ साली जगज्जेता झाला. ही कथा या दुनियेत सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि मधल्या बँडांना ती सांगून सांगून छळलंही जातं. त्यातली मेख अशी, की इनव्हरेरी मधल्या श्रेण्यांत मुक्कामाला थांबलाच नाही. पोरं वीस वर्षांची व्हायच्या आत तो तिथून निघून गेला होता. गळती सुरू होण्याआधीच नाव पार गेली. शिवाय लिडेल प्रत्येक गावात जन्माला येत नाही.

जास्त अनुकरण करण्याजोगं काम बाथगेटच्या ‘बोघॉल अँड बाथगेट कॅलेडोनिया’नं केलं. एकाच नावाखाली शाळकरी मुलांपासून पहिल्या श्रेणीपर्यंतचे बँड, एकच शिकवण्याची पद्धत, त्याच चाली. २०२३ साली या बँडनं आपलं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा वर्तुळात तिथेच बालवर्गापासून शिकलेले अनेक जण होते. कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या ‘सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटी’च्या बँडनं, म्हणजे १९९५ ते २००९ या काळात सहा वेळा जगज्जेत्या ठरलेल्या बँडनं, ‘रॉबर्ट माल्कम मेमोरियल’ या नावानं खालच्या श्रेण्यांची अशीच शिडी बांधली. जॉन्स्टनचा बँडही असाच अनेक पायऱ्यांचा. शिडीचा फायदा उघड आहे. वर जाणारा पायपर घरातच वर जातो, आणि वरून उतरणाऱ्याला, मुलं झाली, वेळ नाही, अशा माणसाला, मधल्या पायरीवर सन्मानानं बसता येतं. पण शिडीवाले बँड वाढले, की ज्याच्याकडे शिडी नाही असा एकटादुकटा गावबँड आणखी उघडा पडतो. त्याच्या पोरांना आता दोन गावं पलीकडची शिडी दिसते.

अमेरिकेतल्या मधल्या बँडांची तऱ्हा निराळी. तिथे शेजारी बँडची ओढ कमी, अंतराचा मार जास्त. तालमीसाठी चार-चार तास गाडी हाकणारे लोक आहेत. महिन्यातून एकदा दोन दिवस एकत्र भेटायचं आणि एरवी घरी ध्वनिमुद्रणावर वाजवायचं. २०२० आणि २०२१ साली कोरोनाच्या साथीमुळे जागतिक स्पर्धाच झाली नाही, तेव्हा सगळ्यांनाच असं घरी बसून वाजवावं लागलं. दोन उन्हाळे शनिवार मोकळा मिळाल्यावर अनेकांना कळलं, की शनिवार असाही असतो.

ब्रिटनीकडे बघावं असं मला सुचवावंसं वाटतं. फ्रान्सच्या त्या कोपऱ्यात बॅगपाइप, बोंबार्ड आणि ड्रम यांच्या बँडला बगाद म्हणतात. त्यांच्याही श्रेण्या आहेत, पाच. पण तिथे स्पर्धेसाठी दरवर्षी नवं संगीत बांधावं लागतं, बहुधा एखाद्या ठरावीक प्रदेशाच्या लोकसंगीतावर. बगादच्या पोटात शिकाऊंचा बगादिग असतो. स्कॉटिश पद्धतीत मधला बँड एकच मेडली दोन-तीन वर्षं घासत बसतो, कारण नवी बसवायला माणसं आणि वेळ नाही. संगीत कळणाऱ्या पंचविशीतल्या माणसाला यानं कंटाळा येणारच. लोक पैशासाठी सोडतात, घरासाठी सोडतात हे खरं. पण कंटाळून सोडतात हे कारण फार कमी सांगितलं जातं, कारण ते सांगणं पाइप मेजरच्या तोंडावर मारण्यासारखं असतं.

मलेशियातल्या क्वालालंपूरचा ‘श्री दशमेश पाइप बँड’ हा शीख तरुणांचा बँड. १९८६ साली सुरू झाला. पगडी, किल्ट आणि पाइप्स. २०१९ साली ग्लासगोत चौथ्या श्रेणीच्या बी गटात त्यांनी बाजी मारली, तेव्हा बातम्या झाल्या त्या पगडीच्या. मला त्या बँडचं वय लक्षणीय वाटतं. स्पर्धेच्या मोठ्या मैदानांपासून दहा हजार किलोमीटरवर तीन दशकं एक बँड टिकतो, तो काही शनिवारच्या निकालावर टिकत नाही. तो समाजाच्या सणांत वाजवतो, मुलांना शिस्त लागावी म्हणून आईबाप त्यांना तिथे पाठवतात, दादा धाकट्याला शिकवतो. स्पर्धा त्यात नंतर आली. स्कॉटलंडमधल्या मधल्या बँडांकडे एके काळी गावची जत्रा, खाणीचा मेळावा, ख्रिसमसचं संचलन हे सगळं होतं. आज बरेच बँड फक्त स्पर्धेसाठी जमतात. स्पर्धेत सहावे आले, की जमण्याचं कारणच उरत नाही.

पहिल्या श्रेणीच्या वर्तुळाला कमाल मर्यादा असावी, असं माझं मत आहे. अठरा पायपर, फार तर वीस. यावर उत्तर ठरलेलं असतं: वरून काढलेले लोक खालच्या बँडमध्ये येणार नाहीत, ते सरळ घरी बसतील. काही बसतीलही. ज्यानं एकदा जगज्जेत्या बँडचा कोट घातला, त्याला तिसऱ्या श्रेणीच्या मैदानावर उभं राहणं जड जातंच. पण आज त्याला तो पर्याय विचारलाही जात नाही. आणि कोट घालून वर्तुळाबाहेर उभं राहणं हे तरी कुठलं वाजवणं?

मर्यादा येवो न येवो, शेवटचा उपाय बँडवाल्यांच्या हातात असतो: शेजाऱ्याशी मिळून जायचं. दोन गावांचे दोन बँड, प्रत्येकी सात-आठ पायपर, दोघेही तिसऱ्या श्रेणीच्या तळाशी. एकत्र आले तर पंधरा पायपर आणि दोन चांगले ड्रमर. कागदावर इतकं सोपं दिसतं, की कुणालाही वाटावं, काल का नाही केलं? मग बोलणी सुरू होतात. चाली एका संध्याकाळी ठरतात. तालमीची जागा दोन आठवड्यांत ठरते, आलटून पालटून. पाइप मेजर कोण, यावर महिना जातो. किल्ट कुणाच्या टार्टनचा, यावर दोन महिने, कारण त्या किल्टसाठी एका गावानं पाच वर्षं जत्रेत केक विकून पैसे जमवलेले असतात. आणि नावावरून तर गाडं पार अडतं. आधी कुणाच्या गावाचं नाव? संस्थेच्या यादीत आजही दोन-दोन गावांची नावं ‘आणि’नं जोडलेले बँड सापडतात. शॉट्स अँड डाइकहेड. डायसार्ट अँड डंडॉनल्ड. यांतल्या पहिल्यानं सोळा वेळा जग जिंकलं, दुसऱ्यानं १९७७ आणि १९७८ साली लागोपाठ दोनदा.